मिडल-अर्थचे मुद्रितशोधक

अमेरिकेत मिलवॉकी शहरातल्या मार्क्वेट विद्यापीठाने १९५७ साली जे. आर. आर. टॉल्किन यांच्याकडून 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची मूळ हस्तलिखितं १,५०० पौंडांना विकत घेतली. पुढे साठ वर्षांनी याच विद्यापीठाच्या अभिलेखागाराने आणखी एक संग्रह सुरू केला. त्यात चाहत्यांचे आवाज जमा होतात. प्रत्येकाला फार तर तीन मिनिटं मिळतात आणि तीनच प्रश्न विचारले जातात : टॉल्किन पहिल्यांदा कधी वाचलेत, चाहते का झालात, आणि त्यांच्या लेखनाने तुम्हाला काय दिलं. संग्रहाचं उद्दिष्ट ६,००० मुलाखतींचं आहे. सहा हजारच का? तर गोंडोर राज्याच्या मदतीला राजा थेओडेन जे घोडदळ घेऊन निघतो त्यात सहा हजार स्वार असतात, म्हणून. हा खुलासा ऐकून ज्याला फक्त हसू येईल तो बाहेरचा. जो कपाटातून तिसरा खंड काढून स्वार खरोखर सहा हजारच होते ना हे पाहून घेईल, तो आतला.

चाहत्यांबद्दल लिहिताना सहसा गोंगाटाबद्दल लिहिलं जातं. पहिल्या खेळासाठी रात्रभर लागलेल्या रांगा, रबराचे टोकदार कान, अंगठीच्या प्रतिकृती, न्यूझीलंडच्या माटामाटा गावाजवळच्या शेतात बांधलेल्या हॉबिटांच्या बिळांसमोर फोटो काढणारे पर्यटक. हे सगळं खरं आहे, पण यातलं काहीही या एका कलाकृतीचं वैशिष्ट्य नाही. क्रिकेटपटूंचे आणि नटांचे चाहतेही रांगा लावतात. टॉल्किनच्या चाहत्यांचा सत्तर वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर त्यांच्या उत्साहाचं खरं रूप वेगळंच दिसतं. ते तपासणीचं आहे. तारखा जुळतात का, एका दिवसात घोडा एवढं अंतर कापेल का, या शब्दाचं अनेकवचन असं होईल का, हे विचारत बसणं हाच त्यांचा आनंद. छापखान्यात मुद्रितशोधक जे काम पगारावर करतो ते हे लोक हौसेने करत आले. माझं म्हणणं असं, की ही तपासणी म्हणजे विक्षिप्तांची करमणूक नव्हती. पुस्तक आज ज्या रूपात आपल्या हातात आहे आणि चित्रपट ज्या रूपात पडद्यावर आले, त्यात या लोकांचा खरा वाटा आहे. आणि त्यांचा उत्साह जिथे कुरूप झाला, तिथे तपासणीची जागा मालकीने घेतली होती.

असे वाचक या पुस्तकालाच का मिळाले, याचं उत्तर पुस्तकाच्या घडणीत आहे. १९५४-५५मध्ये तीन खंडांत आलेल्या या कादंबरीत लेखक स्वतःला लेखक म्हणवतच नाही. आपण एका जुन्या लाल बखरीचा अनुवाद आणि संपादन करत आहोत, असा आव तो शेवटपर्यंत सांभाळतो. गोष्ट संपल्यावर परिशिष्टं येतात : राजवंशांच्या हकिकती, सनावळी, वंशावळी, पंचांग, लिपी, उच्चार. या परिशिष्टांपायीच तिसरा खंड लांबला आणि वाचक प्रकाशकाला पत्रं लिहून भंडावू लागले. जो लेखक स्वतःच संपादकाचं सोंग घेतो, त्याच्या वाचकाला आयतीच उपसंपादकाची खुर्ची मिळते. पत्रांचा ओघ कसा होता याचं वर्णन टॉल्किन यांनीच १९५६च्या एका पत्रात केलं आहे. संगीतकारांना चाली हव्या होत्या, पुरातत्त्ववाल्यांना भांडी आणि धातुकाम, वनस्पतिशास्त्रज्ञांना झाडांची नेमकी वर्णनं, इतिहासकारांना गोंडोरच्या राज्यव्यवस्थेचा तपशील. ऑक्सफर्डमधल्या कॅथलिक पुस्तकांच्या दुकानाचे व्यवस्थापक पीटर हेस्टिंग्ज यांनी १९५४मध्ये एल्फ लोकांच्या पुनर्जन्मासारख्या कल्पनांवर ईश्वरशास्त्राच्या बाजूने शंका काढल्या. टॉल्किन यांनी उत्तराचा लांबलचक मसुदा लिहिला आणि मग आपण स्वतःला फारच महत्त्व देतो आहोत असं वाटून तो पाठवलाच नाही. न पाठवलेला तो मसुदा आज त्यांच्या विचारविश्वाचा एक मुख्य पुरावा मानला जातो. म्हणजे एका चौकस वाचकाच्या शंकेने लेखकाला स्वतःची सृष्टी स्वतःशीच स्पष्ट करायला लावलं. या प्रेमाची किंमतही त्यांनी मोजली. अमेरिकेतून वेळीअवेळी फोन येत, चाहते दारात येऊन उभे राहत, आणि १९६८मध्ये ते ऑक्सफर्ड सोडून बोर्नमथजवळ राहायला गेले त्यामागे हेही एक कारण होतं.

वाचकांच्या या तपासनीस वृत्तीचा पहिला मोठा सार्वजनिक परिणाम १९६५मध्ये दिसला. अमेरिकी कॉपीराइट कायद्यातल्या एका फटीचा फायदा घेऊन एस बुक्स या प्रकाशनाने कादंबरीची स्वस्त आवृत्ती काढली. किंमत खंडाला ७५ सेंट, लेखकाला छदाम नाही. लाखभर प्रती खपल्या. अधिकृत प्रकाशक बॅलन्टाइनची आवृत्ती ९५ सेंटांची होती आणि ती उशिरा आली. नव्याने हक्क प्रस्थापित करण्यासाठी टॉल्किन यांना मजकुरात दुरुस्त्या करून दुसरी आवृत्ती सिद्ध करावी लागली. त्या काळात अमेरिकेतल्या वाचकांना उत्तरं लिहिताना ते प्रत्येक पत्रात या चोरट्या आवृत्तीचा उल्लेख करू लागले, आणि वाचकांनी ती बातमी कानोकानी पसरवली. वीस सेंट वाचवायचे सोडून लोक लेखकाचं निवेदन छापलेली महाग प्रत घेऊ लागले, दुकानदारांशी हुज्जत घालू लागले. शेवटी एसला नमतं घ्यावं लागलं. त्यांनी नऊ हजारांहून अधिक डॉलर मानधन दिलं आणि पुनर्मुद्रण न करण्याचं मान्य केलं. कायदा लेखकाच्या बाजूने ठामपणे उभा नसताना हे घडलं, हे लक्षात घ्यायला हवं. आवृत्त्यांमधला फरक ओळखणारा आणि त्या फरकाला किंमत देणारा वाचकवर्ग तयार होता म्हणूनच ते शक्य झालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतली टॉल्किन सोसायटी सुरू झाली. १९६९मध्ये व्हेरा चॅपमन यांनी ब्रिटनमध्ये संस्था काढली आणि टॉल्किन तिचे मानद अध्यक्ष झाले. १९७३मध्ये ते वारले, तरी त्या पदावर दुसऱ्या कोणाची नेमणूक झालेली नाही.

यानंतरच्या दोन-तीन दशकांत जे काम झालं ते बाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही, आणि माझ्या मते तेच या कहाणीतलं सर्वांत भक्कम प्रकरण आहे. रॉबर्ट फॉस्टर या तरुणाने 'निएकस' नावाच्या हौशी नियतकालिकात मिडल-अर्थ या टॉल्किन यांच्या काल्पनिक जगातल्या नावांची सूची द्यायला सुरुवात केली. तिचं १९७१मध्ये पुस्तक झालं, १९७८मध्ये ते वाढवून पुन्हा निघालं, आणि टॉल्किन यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी वडिलांचे कच्चे खर्डे प्रसिद्ध करताना याच कोशाची कौतुकाने शिफारस केली. कॅरन विन फॉन्स्टॅड या भूगोलाच्या अभ्यासक बाईंनी प्रवासाचा एकेक दिवस मोजून, डोंगरांची भूशास्त्रीय शक्यता पडताळून १९८१मध्ये मिडल-अर्थचा नकाशासंग्रह सिद्ध केला. एल्फ लोकांच्या भाषांचा अभ्यास करणाऱ्यांनी तर 'पार्मा एल्डालाम्बेरोन' आणि 'विन्यार तेंग्वार' अशी स्वतंत्र नियतकालिकं काढली. व्याकरणाच्या चार कोड्यांसाठी नियतकालिक ही कल्पना कोणालाही वेडेपणाची वाटेल. पण टॉल्किन यांचे भाषाविषयक कागद प्रसिद्ध करायची वेळ आली तेव्हा ख्रिस्तोफर यांनी ते विद्यापीठाकडे न देता याच मंडळींच्या हवाली केले. त्यांच्यापैकी कार्ल हॉस्टेटर पेशाने नासामधले संगणकतज्ज्ञ. २०२१ साली 'द नेचर ऑफ मिडल-अर्थ' हा टॉल्किन यांच्या अप्रकाशित लेखनाचा अधिकृत ग्रंथ निघाला, त्याचे संपादक हेच. मूळ कादंबरीच्या पन्नाशीनिमित्त २००४मध्ये जी शुद्ध आवृत्ती निघाली, तिच्यात वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल या ग्रंथपाल दांपत्याने तीनशे ते चारशे दुरुस्त्या केल्या. त्यातल्या काही एखाद्या विरामचिन्हाच्या आहेत. आज दुकानातून जी प्रत आपण घेतो तिच्यामागे हा मजकूर आहे.

जिथे अधिकृत असं काही नव्हतंच, तिथेही हीच वृत्ती दिसते. सोव्हिएत रशियात १९८२मध्ये पहिल्या खंडाचा संक्षिप्त अनुवाद छापून आला आणि पुढचे खंड बरीच वर्षं आलेच नाहीत. तेव्हा टंकलिखित अनुवाद हातोहात फिरले आणि अनुवादांच्या तुलनेवर वाद झडू लागले. १९९०मध्ये क्रास्नोयार्स्कजवळ वेशभूषा करून जंगलात खेळले गेलेले 'हॉबिट खेळ' याच वाचकांनी भरवले. १९९१मध्ये लेनिनग्राड दूरदर्शनने केलेलं एक हलाखीचं नाट्यरूप २०२१मध्ये पुन्हा सापडलं आणि जगभर लाखोंनी पाहिलं गेलं. मुग्धा कर्णिक यांच्या 'स्वामी मुद्रिकांचा' या अनुवादामुळे मराठी वाचकालाही हे जग आपल्या भाषेत उपलब्ध आहे.

आता चित्रपटांकडे वळू, कारण आक्षेपही इथेच सुरू होतात. पटकथा तपासणारा पहिला मुद्रितशोधक खुद्द लेखक होता. १९५७-५८मध्ये विज्ञानकथांचे प्रसिद्ध चाहते फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांनी एक पटकथेचा आराखडा टॉल्किन यांच्यापुढे ठेवला. त्यात गरुड बसगाड्यांसारखे जागोजागी वापरले होते आणि एल्फ लोकांच्या प्रवासातल्या पावाचं रूपांतर प्रक्रिया केलेल्या कोरड्या शिध्यात झालं होतं. टॉल्किन यांनी ओळीओळीवर टिपणी लिहून पाठवली. पैसे भरपूर मिळणार असतील तर ढवळाढवळ सोसू, नाहीतर आपलं नियंत्रण हवं, असं त्यांचं व्यवहारी धोरण होतं. इथे दोन्ही नव्हतं. १९७८मध्ये राल्फ बाक्शी यांचा अ‍ॅनिमेशनपट आला तो गोष्टीच्या मध्यावरच संपला, आणि पुढचा भाग कधी निघालाच नाही. पण तो पाहून न्यूझीलंडमधल्या एका मुलाने पुस्तक विकत घेतलं. त्याचं नाव पीटर जॅक्सन.

न्यू लाइन कंपनीने १९९८मध्ये जॅक्सनच्या चित्रपटांची घोषणा केली, आणि तीनही चित्रपटांचं मुख्य चित्रीकरण ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात एका दमात झालं. हा इंटरनेटच्या बाल्यावस्थेचा काळ. एप्रिल २०००मध्ये छोटी झलक प्रसिद्ध झाली तेव्हा चोवीस तासांत १७ लाख वेळा ती उतरवून घेतली गेली, त्या काळच्या कूर्मगती जोडण्यांवरून. न्यूझीलंडमधली एक चाहती सेटच्या आसपास टेहळणी करून बातम्या पसरवते म्हणून निर्मात्यांनी तिला आधी अतिक्रमणाची नोटीस बजावली. थोड्याच दिवसांत तिलाच सन्मानाने सेटवर बोलावलं गेलं. कोणीतरी कंपनीत शहाणपणाने हिशेब केला असावा. घोषणेनंतर लगेच जॅक्सनने चाहत्यांच्या वीस प्रश्नांची जाहीर उत्तरं दिली होती. गँडाल्फची भूमिका करणारे इयन मॅकेलन चित्रीकरणाची रोजनिशी लिहून वाचकांसाठी खुली करत होते. सारुमान झालेले ख्रिस्तोफर ली तर दरवर्षी कादंबरी वाचणारे, टॉल्किन यांना प्रत्यक्ष भेटलेले गृहस्थ. ज्यांच्या चित्रांतून वाचकांनी हे जग वर्षानुवर्षं पाहिलं होतं त्या अ‍ॅलन ली आणि जॉन हाऊ या चित्रकारांनाच दृश्यरचनेसाठी आणलं गेलं. पात्रांच्या तोंडी एल्फ भाषेतले संवाद देण्यासाठी डेव्हिड सालो या टॉल्किनभाषांच्या अभ्यासकाला घेतलं. त्याने मूळ साधनांच्या पलीकडे जाऊन शब्द घडवले म्हणून बाकीचे भाषावाले त्याच्यावर तुटून पडले, पण अख्खी चित्रत्रयी त्या भांडणाच्या साक्षीने बोलते. हेल्म्स डीपच्या लढाईतली ऑर्कांची गर्जना कोणाची? वेलिंग्टनच्या मैदानात २००२ साली न्यूझीलंड-इंग्लंड क्रिकेट सामन्याच्या मध्यंतरात जॅक्सनने पंचवीस हजार प्रेक्षकांना पडद्यावर अक्षरं दाखवून मॉर्डोरची भाषा ओरडायला लावली, त्यांची.

चाहत्यांच्या दबावाने चित्रपट बदलला का? एक उदाहरण नेहमी दिलं जातं. एल्फ राजकन्या आर्वेन हेल्म्स डीपला तलवार घेऊन लढते अशी दृश्यं चित्रित झाली होती. सुगावा लागताच वाचकांनी टिंगलीचा भडिमार केला, आणि अंतिम चित्रपटात ती दृश्यं नाहीत. सगळं श्रेय चाहत्यांना देणं अतिशयोक्तीचं होईल, कारण पटकथाकारांनाही ते पात्र तिथे रुजत नसल्याचं जाणवलं होतं. पण चाहत्यांचा आक्षेप आणि लेखकांची शंका एकाच ठिकाणी बोट ठेवत होत्या हे महत्त्वाचं. दुसरं उदाहरण किरकोळ आणि गमतीचं आहे. पहिल्या चित्रपटातल्या सभेत क्षणभर दिसणाऱ्या एका मूक एल्फाला चाहत्यांनी नाव दिलं, त्याचं चरित्र रचलं, आणि तिसऱ्या चित्रपटात जॅक्सनने त्याला चक्क दोन ओळी बोलायला दिल्या. तो नट ब्रेट मॅकेन्झी, पुढे गीतासाठी ऑस्कर मिळवणारा.

इथे पहिला आक्षेप येतो : असे तपासनीस मानगुटीवर असतील तर रूपांतर होणारच कसं? चित्रपट म्हणजे काही सचित्र परिशिष्ट नव्हे. आक्षेप रास्त आहे, पण पुरावा त्याच्या विरोधात जातो. जॅक्सनने टॉम बाँबडिल हे पात्र गाळलं, शायरच्या मुक्तीचं शेवटाकडचं प्रकरण गाळलं. हळहळ झाली, पण बहुतेकांनी ते मान्य केलं. खरा राग आला तो फारामिर या गोंडोरच्या सेनानायकाबद्दल. पुस्तकातला फारामिर अंगठीचा मोह सहज नाकारतो, चित्रपटातला डगमगतो. पटकथाकार फिलिपा बॉयन्स यांनी कारण दिलं : दोन चित्रपट जिला सगळे भितात ती अंगठी एकाने सहज झिडकारली तर तिची दहशत उरत नाही. यावर वीस वर्षं वाद चालू आहे, आणि दोन्ही बाजू पुस्तकातलेच दाखले देतात. याचा अर्थ एवढाच, की मुद्रितशोधकाला कात्री खुपत नाही, त्याला आतली संगती तुटलेली खुपते. तिसऱ्या चित्रपटाला, 'द रिटर्न ऑफ द किंग'ला, २००४मध्ये अकरापैकी अकरा ऑस्कर मिळाले ते काही चाहत्यांनी दिले नाहीत. पण लांबवलेल्या आवृत्तीच्या शेवटी चाहता मंडळाच्या सभासदांची नावं सरकत राहतात ती कित्येक मिनिटं. 'हॉबिट'च्या बाबतीत उलट घडलं. एका छोट्या पुस्तकाचे २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपट झाले, जगभर जवळपास तीन अब्ज डॉलर जमले, आणि २०१५च्या जानेवारीत एका निनावी चाहत्याने तिन्ही कापून चार तासांचा एकच चित्रपट केला. गल्ला निर्मात्यांचा होता, संपादन मात्र बाकी राहिलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो खुद्द ख्रिस्तोफर टॉल्किन यांचा. २०१२मध्ये फ्रेंच दैनिक 'ल मोंद'ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी या चित्रपटांना तरुणांसाठीच्या मारधाडपटात काढलं आणि बाजारीकरणात पुस्तकाचं गांभीर्य बुडाल्याची खंत मांडली. उत्साह म्हणजे शेवटी कंपन्यांसाठी फुकटची जाहिरात, असाच याचा अर्थ होतो. न्यूझीलंडमध्ये २०१०मध्ये नटांच्या संघटनेने 'हॉबिट'च्या निर्मात्यांविरुद्ध पवित्रा घेतला, तेव्हा चित्रपट देशातच राहावा म्हणून लोक निर्मात्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले, आणि सरकारने चित्रपट कामगारांचे हक्क कमी करणारा कायदा घाईने मंजूर केला. हे प्रेमाचं रूप बघवत नाही. तरीही ख्रिस्तोफर यांचा आक्षेप त्यांच्याच आयुष्याने थोडा बोथट केला आहे. १९८३ ते १९९६ या काळात त्यांनी वडिलांच्या खर्ड्यांचे बारा खंड संपादित केले : पाठभेद, खोडलेली वाक्यं, सोडून दिलेली नावं. असले बारा खंड छापून खपवण्याइतका वाचक जगातल्या फार थोड्या आधुनिक कादंबरीकारांना मिळाला असेल. तो वाचक त्याच बाजारू गर्दीतून पुढे आला होता.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. २०२२मध्ये अ‍ॅमेझॉनची 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ही मालिका आली. सुमारे पंचवीस कोटी डॉलर मोजून घेतलेल्या हक्कांत मुख्यतः परिशिष्टांचाच ऐवज होता. हजारो वर्षांच्या घटना मालिकेने एका काळात दाटून बसवल्या, त्यावर तपासनीसांनी टीका केली ती रास्तच. पण तिच्या आडून एल्फ, बुटके आणि हॉबिटांच्या पूर्वजांच्या भूमिकांत कृष्णवर्णीय कलाकार घेतले म्हणून जो विखार ओकला गेला, तो निराळा होता. मालिकेच्या कलाकारांना जाहीर निवेदन काढावं लागलं आणि जॅक्सनच्या चित्रपटातल्या हॉबिटांनी वेगवेगळ्या रंगांच्या कानांची चित्रं असलेले सदरे घालून त्यांना पाठिंबा दिला. 'मूळ पुस्तकाशी प्रतारणा' असं ओरडणाऱ्यांनी पुस्तकाची प्रस्तावना वाचलेली नव्हती. तिथेच हारफूट हॉबिट इतरांपेक्षा सावळे होते असं लिहिलेलं आहे. १९३८मध्ये एका जर्मन प्रकाशकाने 'हॉबिट'च्या अनुवादाआधी टॉल्किन यांना आर्य वंशाचे आहात का असं विचारलं, तेव्हा त्यांनी लिहिलेला झोंबणारा मसुदा प्रसिद्धच आहे. पण इथेच थांबलं तर ती सोयीची तपासणी होईल. त्याच पुस्तकात शत्रूच्या बाजूने दक्षिणेचे आणि पूर्वेचे काळेसावळे लोक येतात, आणि इटलीतल्या नवफॅसिस्ट पक्षाच्या तरुणांनी १९७७मध्ये मॉन्तेसार्किओत 'हॉबिट छावणी' भरवली ती काही हवेतून काढली नाही. त्याच राजकीय परंपरेतून आलेल्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी स्वतःला टॉल्किनच्या चाहत्या म्हणवतात, आणि २०२३मध्ये रोमच्या आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या टॉल्किन प्रदर्शनाच्या उद्घाटनाला त्या हजर होत्या. मजकूर तपासणाऱ्याच्या हाती खोटं पकडण्याचं साधन असतं, पण मजकुरात जे आहे ते पुसण्याचं नसतं.

मालकीचा प्रश्न कंपन्यांच्या बाजूनेही तितकाच बोचरा आहे. २००९मध्ये ब्रिटनमधल्या हौशी मंडळींनी सुमारे ३,००० पौंडांत 'द हंट फॉर गोलम' हा छोटा चित्रपट केला आणि तो सर्वांना फुकट पाहायला ठेवला. मे २०२४मध्ये वॉर्नर ब्रदर्सने अँडी सर्किस यांच्या दिग्दर्शनाखाली याच नावाच्या, याच विषयाच्या चित्रपटाची घोषणा केली. लगोलग त्या जुन्या हौशी चित्रपटावर हक्कभंगाचा ठपका येऊन तो यूट्यूबवरून दिसेनासा झाला. ओरड झाली, आणि दिवसभरात तो परत आला. पंधरा वर्षं आधी, खिशातले पैसे घालून, परिशिष्टातल्या दोन-चार ओळींवरून ज्यांनी ही गोष्ट उभी केली त्यांनाच चोर ठरवण्याची ही कल्पना कोणत्या कचेरीत सुचली असेल कोण जाणे. त्या दोन-चार ओळी परिशिष्ट 'ब'मध्ये आहेत : तिसऱ्या युगाच्या ३००९ साली गँडाल्फ आणि अ‍ॅरागॉर्न गोलमचा शोध पुन्हा सुरू करतात, तो अधूनमधून आठ वर्षं चालतो, आणि ३०१७मध्ये मृतांच्या दलदलीत अ‍ॅरागॉर्न त्याला पकडून मर्कवुडला थ्रांडुइलच्या ताब्यात देतो. सर्किस यांच्या पटकथेत ही आठ वर्षं किती आठवड्यांत बसवली जातात ते पाहायला परिशिष्ट उघडून बसलेले लोक पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत असतील.